सात गाठींचा अर्ज

तिला सगळे बेबी म्हणत. वय एकतीस, भांगाजवळ दोन-चार पांढरे केस, हातांना साबणाने पडलेल्या भेगा, आणि नाव काय, तर बेबी. आपण मात्र तिला थोरली म्हणू, कारण ती होतीच थोरली. तिच्यामागून चार वर्षांनी आला तो धाकटा. त्याला तिने कडेवर घेऊन अंगणभर फिरवलं होतं, त्याचं नाक पुसलं होतं, तो पडला की जमिनीला चापट्या मारल्या होत्या. पण तिला बोलायला वेळ लागायचा, अक्षरं डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पळायची, आणि तो आपला वर्गामागून वर्ग चढत गेला. घाईत सदरा उलटा घातला जावा तसं दोघांचं थोरलं-धाकटेपण उलटं झालं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. ती त्याला दादा म्हणू लागली. त्याचं लग्न झाल्यावर त्याच्या बायकोला वहिनी म्हणायला तिला शिकवलं. आता धाकट्या भावाच्या बायकोला कोणी वहिनी म्हणतं का? भावजय ती. पण हे ठरवताना थोरलीला कोणी विचारलं नव्हतं. थोरलीला ‘जेवलीस का’ याच्यापुढे कोणी फारसं काही विचारतच नसे.

कामाला मात्र ती वाघीण होती. नऊ वर्षं ती एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, टोकं धरायची, एक झटका, पुढे दोन पावलं, कोपऱ्याला कोपरा. थोरलीची घडी अशी की तिच्यावर पाण्याचा पेला ठेवावा आणि डुलू नये. मध्येच एखादी चादर फाटकी निघायची. तिच्या कोपऱ्याला गाठ मारून ती वेगळ्या टोपलीत टाकायची, म्हणजे शिवणखोलीतल्या मावशीला शोधत बसावं लागत नाही, ही लाँड्रीची जुनी रीत. थोरलीने त्या रीतीत आपली भर घातली. भोक असेल तर साधी गाठ. काठ उसवला असेल तर दुहेरी. डाग गेला नसेल तर गाठीतून टोक बाहेर काढलेलं, सशाच्या कानासारखं. मावशी टोपलीत हात घालायची आणि न बघता सांगायची, “ही डागाची, ही काठाची. तुझं अक्षर वाचायला चष्मा लागत नाही गं!”

असं सगळं नीट चाललेलं असताना घडी घालायचं मशीन आलं. मुकादमाने ठरवलं की थोरलीचा हात मशीनमध्ये जाईल. म्हणून तिला तळघरात पाठवलं, वॉर्डातून आलेल्या मळक्या चादरी निवडायला. रक्ताच्या इकडे, औषधाच्या तिकडे. नाकाला फडकं, कोपरापर्यंत हातमोजे, आणि दिवसभर बोलायला एक पिवळा दिवा. बदलीच्या कागदावर सही लागत होती. ती धाकट्याने केली, मुकादमाच्याच पेनने, उभ्याउभ्या.

“मला घडी घालायचीय,” थोरली मुकादमाला म्हणाली.

“भावाला पाठव. त्याच्याशी बोलतो.”

“दादा, मला घडी घालायचीय.”

“अगं बेबी, काम काय, इथून तिथून सारखंच. साहेब लोकांनी विचार करूनच ठरवलं असेल ना?”

महिनाभर ती हेच वाक्य घेऊन दोघांच्या मध्ये येरझाऱ्या घालत राहिली. मग तिने म्हणायचं सोडून दिलं. सगळ्यांना वाटलं, रुळली.

एके दिवशी डबा खाताना मावशीने भिंतीवरचं एक पत्रक वाचून दाखवलं. दूरच्या एका गावात दोन दिवसांचं शिबिर होतं, ज्यांना शिकायला, बोलायला इतरांपेक्षा वेळ लागतो अशा लोकांसाठी. कामाच्या जागी, डॉक्टरपुढे, कचेरीत आपलं म्हणणं आपण कसं मांडायचं हे शिकवणार होते, आणि शिकवणारेही तसेच लोक. जायला-यायला, राहायला एक छोटी संस्था थोडी मदत देणार होती. अर्जदाराला आणि त्याने निवडलेल्या एका सोबत्याला. खाली ठळक अक्षरांत एक अट होती. मावशीने ती वाचली आणि थोरलीने हातातला घास खाली ठेवला.

“पुन्हा वाच.”

“अर्जदाराने स्वतः सांगावे. लिहिता येत नसेल तर समोर येऊन सांगावे. दुसऱ्याने सांगितलेले धरले जाणार नाही.”

“शेवटचं पुन्हा.”

“दुसऱ्याने सांगितलेले धरले जाणार नाही.”

ते वाक्य थोरलीने मावशीकडून तीनदा वाचून घेतलं. मग उरलेला डबा चाटूनपुसून खाल्ला.

घरी धाकटा हसला. वाईट हसला नाही, लहान मूल चंद्र मागतं तेव्हा हसतात तसा हसला. “सहा तास लांब? बस कुठली ते तरी कळेल का तुला?”

“कळेल. निळी.”

“सगळ्याच निळ्या असतात, बेबी.”

“मग चुकेन कशी?”

भावजयीने पदराने हसू दाबलं. धाकट्याने कागद उलटसुलट करून पाहिला. “बरं. मी येतो मुलाखतीला. बोलायचं ते मी बोलेन. नाहीतर तू जाशील आणि पुतळ्यासारखी उभी राहशील.”

हे तिला झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. अनोळखी माणसांपुढे तिचे शब्द दाराशी गर्दी करायचे आणि एकही बाहेर पडायचा नाही. मावशीशी बोलताना ती नदी होती, मुकादमापुढे नळाचा थेंब. तेव्हा तिने तिला येत होतं ते केलं. रद्द झालेल्या एका चादरीचा लांब काठ मावशीने फाडून दिला आणि आठवडाभर, रोज डबा खाऊन झाल्यावर, थोरली त्यावर गाठी मारत बसली. पहिली गाठ नावाची. दुसरी कामाची. तिसरी घडीची, चपटी. चौथी तळघराची, ससाकानाची. पाचवी सहीची, दुहेरी, दातांनी ओढून घट्ट केलेली. सहावी, शिबिराला का जायचं त्याची. सातवी सोबतीची. सोबतीला मावशीच हवी होती, पण मावशी म्हणाली, “माझे गुडघे सहा तास दुमडून बसले तर उलगडायला चादरीसारख्या दोघी जणी लागतील.” म्हणून सातवी गाठ थोरलीने नुसतीच मारून ठेवली. माणूस सापडेल तेव्हा सापडेल.

पट्टी खिशात ठेवून बोटांनी चाचपली की शब्द रांगेत उभे राहायचे. तिने मावशीपुढे चारदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा मावशी डोळे पुसत म्हणाली, “जा गं. खा त्यांना.”

आता भावजयीबद्दल. भावजय गुणी होती. दीड वर्षाचं मूल, घर, स्वयंपाक, सगळं निगुतीने करायची. खोड एकच, तिला गाठ बघवत नसे. दोऱ्याची, केसांची, पिशवीची, कुठलीही. कुठे गाठ दिसली की तिची बोटं शिवशिवायची. मुलाखतीच्या आदल्या दुपारी तिने धुवायला काढलेल्या थोरलीच्या ॲप्रनचा खिसा चाचपला, आणि तिच्या हाताला ते घबाड लागलं. मूल झोपलं होतं. ती सुई घेऊन खिडकीशी बसली. एकेक गाठ सुईच्या टोकाने सैल करत, धागा न तुटू देता, तासभर बसली. मग पट्टी धुतली, इस्त्री केली, आणि इतकी छान झाली म्हणून मुलाच्या चड्डीत नाडी करून ओवली.

सकाळी थोरलीने ॲप्रनच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पुन्हा पहिल्या.

“वहिनी, माझी पट्टी?”

“ती होय! अगं काय त्या गाठी! नखं मोडली माझी. पण बघ तरी, कशी नव्यासारखी झालीय!” आणि भावजयीने कौतुकाने बोट दाखवलं. थोरलीचं सगळं भाषण कमरेला बांधून मूल दुडुदुडु धावत आलं.

थोरलीने ती नाडी टोकापासून टोकापर्यंत पाहिली. रडली नाही. “कोणी सांगितलं सोडायला?”

“कोणी नाही, मला वाटलं...” भावजयीचं तोंड उतरलं. “काही महत्त्वाचं होतं का? देते ना परत बांधून. सात होत्या. सातच बांधते.”

“कुठल्या?”

“म्हणजे?”

“कुठल्या सात?”

धाकटा दारात बूट घालत होता. “चला, उशीर होतोय. तरी म्हणत होतो, मी आहे ना बोलायला.”

थोरली मुलापाशी गेली, नाडी सोडली आणि सरकन ओढून घेतली. चड्डी घसरून खाली आली आणि मुलाला तो जगातला सगळ्यात मोठा विनोद वाटला. भावजयीने चड्डीला सेफ्टी पिन लावली, मुलाला काखोटीला मारलं आणि कोणी न बोलावता तीही निघाली. मन खात होतं तिचं.

संस्थेची खोली एका वाचनालयाच्या वर होती. लांब टेबल, पलीकडे तिघं जण. फाइल घेतलेल्या एक बाई, कोट घातलेले एक म्हातारे वकील, आणि तिसरा चाळिशीचा गृहस्थ, गळ्यात मोठे हेडफोन आणि पुढ्यात पितळी घंटी, हॉटेलच्या टेबलावर असते तसली.

“हे आमचे सभासद,” बाई म्हणाल्या. “खाली पुस्तकांवर शिक्के मारतात. ह्यांनाही बोलायला वेळ लागतो. इथला एक नियम ह्यांनीच केलाय. अर्जदाराच्या वतीने दुसरं कोणी बोललं की घंटी. बसा. नाव काय तुमचं?”

“आम्ही सगळे तिला बेबी...” धाकट्याने सुरुवात केली.

टिंग.

“नाही, मी फक्त एवढंच सांगत होतो...”

टिंग.

“अहो पण तिला...”

टिंग.

“टिं!” भावजयीच्या कडेवरून मूल ओरडलं. घंटीवाल्याने त्याच्याकडे नीट विचार करून पाहिलं आणि हात मागे घेतला. मूल कोणाच्या वतीने बोललं नव्हतं.

थोरलीने मांडीवरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. सपाट. इकडून तिकडे सपाट, इस्त्रीची, गुळगुळीत. शब्द दाराशी गोळा झाले आणि तिथेच एकमेकांना ढकलू लागले. पंखा फिरत होता. धाकट्याचा गुडघा हलत होता. त्याने बोलायला श्वास घेतला, घंटीवाल्याचं बोट वर आलं, आणि धाकट्याने तो श्वास तसाच गिळला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. वकिलांनी खोकून घेतलं नाही. तिघंही नुसते बसून होते, वेळेला काही मोलच नसल्यासारखे.

खूप वेळाने थोरलीने आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. धाकट्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ते नाव त्याने आईवडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

“ही पट्टी,” थोरली म्हणाली आणि थांबली. कोणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. तेव्हा तिलाच करावं लागलं. “हिच्यात सात गाठी होत्या. त्यात माझं बोलणं होतं. काल हिने सोडल्या. इस्त्री केली.”

भावजयीने मुलाच्या डोक्याआड तोंड लपवलं.

“चांगल्या मनाने सोडल्या. सगळे चांगल्या मनानेच करतात. मुकादमाने मला तळघरात पाठवलं. हात अडकेल म्हणून. नऊ वर्षांत माझं बोट अडकलं नाही. त्याचा टाय अडकला एकदा, रोलरमध्ये. मी बंद करायचं बटण दाबलं.” वकील हसले. ती हसली नाही. “माझ्या भावाने सही केली. चांगल्या मनाने. हा माझा भाऊ. धाकटा. मला दादा म्हणायला लावतात, पण हा धाकटा आहे. ह्याला मी चालायला शिकवलं. ह्याने मला न विचारता सही केली. मला घडी घालायचीय. मी चांगली घालते. तळघरात माझ्याशी कोणी बोलत नाही. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारत नाहीत.”

भेगाळलेल्या मुठी टेबलावर होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती वर्षं खायचा, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि ते सात गाठींत काय, सत्तर गाठींतही मावलं नसतं.

वकिलांनी चष्मा वर केला. “शिबिरात जाऊन काय शिकायचंय?”

“‘आधी मला विचारा’ म्हणायला.”

“ते तर तुम्ही आत्ताच म्हणालात की. चांगलं खणखणीत.”

“इथे घंटी आहे,” थोरली म्हणाली. “लाँड्रीत घंटी नाही.”

वकिलांनी पुढचा प्रश्न तयार ठेवला होता, तो सोडून दिला. घंटीवाला पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघून हसला.

“सोबत कोण येणार?” बाईंनी विचारलं.

धाकटा सावरून बसला. “मी रजा टाकून...” टिंग. ह्या वेळी तो बिचारा घंटीच्या आधीच थांबला होता.

थोरलीने पट्टी दोन्ही हातांत ताणली, चादर ताणतात तशी. कुठे धागा तुटलेला नव्हता. कुठे भोक नव्हतं. तिने ती उजेडाकडे धरून पाहिली, नऊ वर्षं हेच काम केलेल्या डोळ्यांनी.

“ही येईल,” ती म्हणाली आणि भावजयीकडे बोट केलं.

“मी?” भावजय दचकली.

टिंग. मग घंटीवाला ओशाळला. “न... नाही. ती स्... स्वतःचं बोलली. माझी चूक.” आणि त्याने घंटीवर तळवा ठेवून तिला गप्प केलं.

“माझ्या गाठी घट्ट होत्या,” थोरलीने तिघांना समजावलं. “पाचवी मी दातांनी ओढलेली. ह्याला दिली असती तर ह्याने कात्रीने कापली असती. हिने तासभर बसून सोडली. एक धागा तुटला नाही. धीर आहे हिला. फक्त आधी विचारायला शिकायचंय. तिथे शिकवतात ना?”

“शिकवतात,” बाई म्हणाल्या.

“अगं पण बाळ?” धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. घंटीवाल्याने वाजवायचं की नाही ते ठरवेपर्यंत उत्तर आलं होतं.

“बाळाला बाप आहे,” थोरली म्हणाली.

तिघांनी तिथल्या तिथे डोकी एकत्र आणली. बोलायचं काम घंटीवाल्याकडे आलं. त्याने वेळ घेतला, आणि आता खोलीतली सगळीच वाट बघायला शिकली होती. “मं... मंजूर,” तो म्हणाला.

बाईंनी कागद पुढे सरकवला. सहीची जागा रिकामी होती. धाकट्याचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. घंटी वाजली नाही. घंटीवाला नुसता बघत होता. धाकट्याचा हात तिथेच थबकला, पेनाचं टोपण धरून, आणि हळूच खाली आला.

“अंगठा चालेल,” वकील मदतीला धावले. “शाई आहे आपल्याकडे.”

“अंगठा नको.” थोरलीने पट्टीच्या टोकाला एक गाठ मारली, नावाची, पहिली. कात्री मागितली. गाठीसकट बोटभर तुकडा कापला आणि कागदावर ठेवला. “ही माझी सही. हिला टाचणी मारा.”

“हे फाइलमध्ये... म्हणजे असं आजवर कोणी... कायद्याने ह्यांची सही म्हणून...” वकील चाचरले.

टिंग! घंटीवाल्याने इतक्या जोरात मारली की मूल टाळ्या पिटू लागलं. बाईंनी स्टेपलर काढून गाठीच्या दोन्ही बाजूंना दोन पिना ठोकल्या.

जिना उतरून खाली आल्यावर धाकट्याला कंठ फुटला. “दोन दिवस! तो दुपारी झोपत नाही माझ्याजवळ. आणि तुझा मुकादम? तो रजा देईल का? म्हणेल, भावाला पाठव.”

“म्हणू दे,” थोरली म्हणाली. “मी सांगेन, भाऊ यायचा नाही. तो बाळ सांभाळतोय. माझ्याशी बोला.”

“आणि नाही बोलला तर?”

“तर मंगळवारी परत सांगेन. बुधवारी परत. गाठीसारखा सुटतो का बघते.”

धाकट्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. जिन्याच्या वरून कुठूनतरी, दुसऱ्या कोणाच्या मुलाखतीत असेल, टिंग ऐकू आलं. त्याने तोंड मिटलं आणि न सांगता मुलाला बायकोच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं. सरावाला सुरुवात म्हणून असेल.

भावजय थोरलीच्या बरोबरीने चालू लागली. “ताई,” ती म्हणाली. शब्द नवा होता, जिभेला टोचत होता. “ती एक सशाच्या कानासारखी गाठ होती ना... कशी मारतात? मी विचारू का?”

“विचारलंस की.”

“मग सांग ना.”

“बसमध्ये सांगते. सहा तास आहेत.”

“कुठल्या बसमध्ये?”

थोरलीने उरलेली पट्टी मुठीला गुंडाळली. “निळ्या,” ती म्हणाली आणि रस्ता ओलांडायला कोणाचाही हात न धरता पुढे झाली.